सूड थांबतो तेव्हा क्षमा घडते का?

‘द लास्ट ऑफ अस : पार्ट टू’ हा व्हिडिओ गेम १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध झाला आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्या खेळाडूंमध्ये उभी फूट पडली. पहिल्या भागाचा नायक सुरुवातीलाच हालहाल करून मारला जातो आणि पुढे जवळपास निम्मा गेम त्याला मारणाऱ्या तरुणीच्या भूमिकेत शिरून खेळावा लागतो, ही नाराज खेळाडूंची मुख्य तक्रार होती. तिच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र गेमपेक्षा फार जुना आहे. आपल्या माणसाचा जीव घेणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ती क्षमा दुसरा कोणी आपल्याकडून वसूल करू शकतो का? आणि उगारलेला हात खाली घेतला म्हणजे क्षमा झाली, असे म्हणता येते का? धर्मग्रंथांनी आणि नीतिशास्त्राने या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. लाखो तरुणांनी कंट्रोलर हातात धरून त्यांवर तावातावाने वाद घालावा, ही या गेमची मोठी कमाई आहे.

कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या स्टुडिओने पहिला भाग १४ जून २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ वर आणला. ब्रूस स्ट्रेली आणि नील ड्रकमन हे त्याचे दिग्दर्शक. मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांच्या हालचालींचा ताबा घेणारी बुरशी निसर्गात खरोखरच आहे. बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ या २००६ मधील मालिकेत तिचे चित्रण होते आणि ही बुरशी माणसांत शिरली तर काय होईल, ही कल्पना तिथून निघाली. गेममधले झॉम्बी म्हणजे तिने ग्रासलेली माणसे. साथ पसरते, सरकारे कोसळतात आणि वीस वर्षांनी जोएल नावाच्या तस्कराकडे एली या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवण्याचे काम येते. चावा बसूनही एलीला लागण झालेली नाही. तिच्यापासून लस बनवता येईल, अशी ‘फायरफ्लाइज’ या बंडखोर गटाची आशा आहे. साथीच्या पहिल्याच रात्री जोएलची मुलगी सारा एका सैनिकाच्या गोळीने गेली होती. बॉस्टनपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंतच्या वाटेवर एली हळूहळू तिची जागा घेते.

झॉम्बींची ही पार्श्वभूमी तात्त्विक दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ मधील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून या प्रकारच्या कथा जगातून न्यायालय, पोलीस आणि शासन काढून घेतात आणि मग माणूस काय करतो ते पाहतात. थॉमस हॉब्ज यांनी १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये जी राज्यसंस्थेपूर्वीची अवस्था तर्काने उभी केली, ती इथे पडद्यावर येते. याच्या उलट दिशेचा प्रवास एस्किलसने इ. स. पू. ४५८ मध्ये ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत दाखवला होता. बापाच्या खुनाचा सूड म्हणून ओरेस्टिस आईला मारतो, सूडाच्या देवता त्याचा पाठलाग करतात आणि शेवटी अथेना अथेन्समध्ये न्यायसभा बसवून निवाडा तिऱ्हाइतांच्या हाती देते. सूड हे नातलगांचे कर्तव्य असते तोवर तो संपण्याचे कारण नसते. तो संपवण्यासाठी न्यायाला घराबाहेर काढावे लागते. एलीच्या जगात ती न्यायसभा मोडून पडलेली आहे. गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करण्याचा मार्ग तिथे नाही. एलीने शिक्षा दिली नाही तर ती कोणीच देणार नाही. त्यामुळे सूड आणि क्षमा यांमधली निवड या जगात जितकी उघडी पडते, तितकी ती सुव्यवस्थित समाजात सहसा पडत नाही.

पहिल्या भागाचा शेवट हा दोन्ही भागांतील वादाचा उगम आहे. लस तयार करायची तर एलीच्या मेंदूतील बुरशी काढावी लागेल आणि त्यात तिचा जीव जाईल, असे सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात ठरते. एली बेशुद्ध आहे. तिला कोणी विचारत नाही. हे कळताच जोएल वाटेत येणाऱ्यांना मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, शल्यचिकित्सकाला ठार करतो आणि एलीला उचलून नेतो. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये ट्रॉलीचा प्रश्न मांडला आणि ज्यूडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी पुढे त्याला धार लावली. धावती ट्रॉली वळवून पाचांऐवजी एकाला मरू द्यावे, असे म्हणणारे बहुतेक लोक एका निरोगी माणसाला कापून त्याचे अवयव पाच रुग्णांना देणाऱ्या डॉक्टरला मात्र गुन्हेगार ठरवतात. फायरफ्लाइजची शस्त्रक्रिया या दुसऱ्या प्रकारात मोडते. फरक एवढाच की, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पाच माणसांऐवजी मानवजात आहे.

२०१३ मध्ये या शेवटावर खेळाडूंनी मनापासून चर्चा केली. कोणताही बाप हेच करील, असे काहींचे म्हणणे होते. एका मुलीसाठी जोएलने जगाची आशा मारली, असे इतरांचे. लस बनणे शक्यच नव्हते, त्यामुळे जोएल निर्दोष आहे, असा तिसरा युक्तिवादही झाला. तो सोयीचा असला तरी कथेच्या मुळाशी जात नाही, कारण लस यशस्वी होईल की नाही हा हिशेब जोएल करतच नाही. ती नक्की बनणार असती तरी त्याने तेच केले असते. या सगळ्यापेक्षा खोल अपराध नंतर घडतो. शुद्धीवर आलेल्या एलीला जोएल सांगतो की, तिच्यासारखी रोगप्रतिकारक माणसे डझनांनी सापडली आणि फायरफ्लाइजनी प्रयत्न सोडून दिला. ती शपथ घ्यायला लावते, तो घेतो. डॉक्टरांनी तिला न विचारता तिचा मृत्यू ठरवला होता, जोएलने तिला न विचारता तिचे जगणे ठरवले आणि वर त्या निर्णयाची माहितीही तिच्यापासून लपवली. एलीपुरते बोलायचे तर हे असत्य त्या हत्यांपेक्षा जड आहे, कारण हत्या तिच्या नावावर झाल्या आणि तिला ते ठाऊकच नव्हते.

या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत जोएलची सूत्रे खेळाडूच्या हातात असतात, पण शल्यचिकित्सकाला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. असंख्य खेळाडूंनी २०१३ मध्ये त्या निनावी माणसाला मारले आणि ते विसरून गेले. सात वर्षांनी दुसऱ्या भागाने त्याला जेरी हे नाव दिले आणि ॲबी नावाची मुलगी दिली.

दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन ड्रकमन यांचे आणि लेखन ड्रकमन व हॅली ग्रॉस यांचे. एली आता एकोणीस वर्षांची आहे. वायोमिंगमधील जॅक्सन या वस्तीत ती आणि जोएल राहतात, पण सत्य कळल्यापासून तिने त्याच्याशी नाते तोडलेले आहे. जोएल आणि त्याचा भाऊ टॉमी एका अनोळखी तरुणीला झॉम्बींच्या लोंढ्यातून वाचवतात. ती ॲबी असते. वाचवणाऱ्याचे नाव कळताच ती त्याच्या पायावर गोळी झाडते आणि गोल्फच्या काठीने त्याला एलीच्या डोळ्यांदेखत ठार करते. एली आणि टॉमीला जिवंत सोडून तिचे साथीदार निघून जातात. एली त्यांच्या मागावर सिॲटलला जाते आणि तीन दिवस एकेकाला शोधून मारते. मग गेम अचानक थांबतो, काळ मागे सरकतो आणि तेच तीन दिवस ॲबी होऊन पुन्हा जगावे लागतात.

बापाच्या हत्येचा सूड घेणारे अपत्य मराठी वाचकाला अनोळखी नाही. द्रोणाचार्यांनी अर्धसत्य ऐकून शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचा शिरच्छेद केला. अश्वत्थाम्याने युद्धाच्या शेवटच्या रात्री पांडवांच्या झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला शस्त्राने मारण्याचा मानही दिला नाही; तुडवून मारले. त्यानंतर द्रौपदीचे पाचही पुत्र गेले. ॲबीच्या हातातली गोल्फची काठी हाच भाव बोलते: मृत्यू पुरेसा नाही, त्यात अवमान हवा. पुढची गोष्ट दोन ग्रंथांत दोन प्रकारे येते. महाभारताच्या सौप्तिकपर्वात द्रौपदी प्रायोपवेशनाला बसते, अश्वत्थाम्याच्या वधाचा हट्ट धरते आणि त्याच्या मस्तकावरचा मणी आणून दिल्यावर शांत होते. भागवताच्या पहिल्या स्कंधात तीच द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडा म्हणते. आपण जशा रडतो तसे त्याच्या आईने रडू नये, एवढेच तिचे कारण. एक परंपरा सूडाची मर्यादा आखते, दुसरी शत्रूच्या आईच्या दुःखात स्वतःचे दुःख ओळखते. ही दुसरी ओळख खेळाडूला घडवावी, हाच ‘पार्ट टू’च्या निम्म्या भागाचा उद्देश आहे.

त्यासाठी गेमने वापरलेली साधने विलक्षण आहेत. एलीच्या वाट्याच्या भागात शत्रू एकमेकांना नावाने हाका मारतात. साथीदार पडला की त्याचे नाव घेऊन ओरडतात. पहाऱ्याचा कुत्रा मेला तर त्याचा मालक आक्रोश करतो. एलीच्या कथेत ॲलिस नावाची कुत्री अंगावर येते आणि मारली जाते. पुढे ॲबीच्या कथेत त्याच ॲलिसशी खेळाडू चेंडू फेकण्याचा खेळ खेळतो. नोरा नावाच्या ॲबीच्या जखमी मैत्रिणीकडून माहिती काढण्यासाठी एली तिला मारहाण करते, तेव्हा प्रत्येक घावासाठी बटण खेळाडूलाच दाबावे लागते. शेवटी सिॲटलच्या नाट्यगृहात ॲबी म्हणून एलीवरच चालून जायची वेळ येते. अनेक खेळाडूंनी इथे कंट्रोलर खाली ठेवला, काहींनी ॲबीला मुद्दाम पुन्हा पुन्हा मरू दिले. या नकाराला बालिश म्हणणे सोपे आहे, पण तो नकार नैतिक आहे. हे कृत्य आपल्या हातून व्हावे हे आपल्याला मान्य नाही, असे तो सांगतो.

मतभेदाचे स्वरूप आकड्यांतही दिसले. समीक्षकांच्या गुणांची सरासरी मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ९३ पर्यंत गेली, तर त्याच ठिकाणी सर्वसामान्य वापरकर्त्यांची सरासरी सुरुवातीला दहापैकी चारच्याही खाली होती. पहिल्या तीन दिवसांत गेमच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, पण इतका मोठा गेम पुरा खेळायला लागणारा वेळ जाण्याआधीच हजारो शून्य गुण पडले होते. जुलै २०२० मध्ये मेटाक्रिटिकने गेम बाहेर पडल्यावर ३६ तास वापरकर्त्यांचे गुण न घेण्याचा नियम केला. त्या शून्यांपैकी काही एप्रिलमध्ये फुटलेल्या चित्रफितींवरून दिलेली होती, काहींमागे गेममधील समलिंगी आणि ट्रान्स पात्रांविषयीचा आकस होता. तो वगळला तरी गंभीर आक्षेप उरतात आणि त्यांना आकसाच्या पोत्यात टाकणे अन्यायाचे ठरेल.

त्यातला पहिला आक्षेप विश्वासघाताचा. प्रसिद्धीच्या एका ट्रेलरमध्ये सिॲटलच्या प्रसंगात एलीच्या मदतीला जोएल येताना दाखवला होता; प्रत्यक्ष गेममध्ये त्या जागी जेसी नावाचा तरुण आहे. रहस्य राखण्यासाठी केलेली ही युक्ती लेखकाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. तरीही असत्याने उद्ध्वस्त झालेल्या नात्याची कथा सांगताना स्वतः असत्याचा आधार घ्यावा, हे खेळाडूंना लागले, आणि लागायलाच हवे होते. दुसरा आक्षेप असा की, ॲबीविषयी सहानुभूती वाटावी म्हणून तिच्या वाट्याला सद्गुणांची रास घातली आहे: ती कुत्र्यांशी खेळते, उंचीला घाबरते, शत्रूच्या दोन मुलांना वाचवते. याच काळातल्या एलीच्या वाट्याला मात्र बहुतेक क्रौर्यच येते. हा आक्षेपही अर्धा खरा आहे. तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप शेवटाबद्दलचा आहे.

शेवटाकडे वळण्यापूर्वी क्षमेविषयी परंपरांनी काय म्हटले आहे ते पाहावे लागते. जोसेफ बटलर या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७२६ मध्ये छापलेल्या प्रवचनांत एक फार उपयोगी भेद केला. अन्यायाविषयीची चीड ही देवाने माणसाला दिलेली स्वाभाविक आणि समाजाला लागणारी भावना आहे. दोष तिच्यात नाही, ती सूडापर्यंत वाढू देण्यात आहे. या हिशेबाने क्षमा म्हणजे चीड पुसून टाकणे नव्हे, तिला मर्यादेत ठेवणे. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला बली आणि प्रल्हाद यांचा संवाद सांगते, त्याचा रोखही असाच आहे: सदासर्वकाळ क्षमा करणारा आणि सदासर्वकाळ उग्र राहणारा, दोघेही चुकतात. युधिष्ठिर तिला क्षमेची थोरवी सांगून उत्तर देतो आणि महाभारत दोघांचेही म्हणणे तितक्याच गांभीर्याने नोंदवते. पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ मधील आपल्या निबंधात दाखवले की, दुसऱ्याच्या कृत्याचा राग येणे हेच त्याला जबाबदार माणूस मानल्याचे लक्षण आहे. ज्याच्यावर रागावता येत नाही, त्याला क्षमाही करता येत नाही.

यावरून नाराज खेळाडूंची बाजू नीट मांडता येते. क्षमा ही दिली जाते; ती घेतली जात नाही. दहा-बारा तास ॲबीच्या पायांनी चालायला लावून तिच्याविषयी समज निर्माण करता येईल, करुणाही येईल. क्षमा मात्र खेळाडूच्या इच्छेवाचून त्याच्या वतीने घडवता येणार नाही. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील ‘अंडरटेल’ या गेममध्ये प्रत्येक शत्रूला मारायचे की सोडायचे हे खेळाडू ठरवतो आणि म्हणूनच तिथली दया खेळाडूची असते. ‘पार्ट टू’मध्ये मारहाणीची बटणे खेळाडूच्या हातात आणि सोडून देण्याचा क्षण लेखकाच्या हातात, अशी वाटणी आहे. पापाचा वाटा आपला आणि पुण्याचा वाटा पात्राचा, ही त्यांची भावना या रचनेतूनच आलेली आहे. मात्र त्यातून गेम फसला असा निष्कर्ष निघत नाही, कारण ज्या क्षमेची सक्ती झाली असे त्यांना वाटते, ती क्षमा गेममध्ये घडतच नाही.

शेवटचा प्रसंग कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथला आहे. माणसांना गुलाम करणाऱ्या टोळीने ॲबीला खांबाला बांधून ठेवले आहे. ती ओळखू न येण्याइतकी खंगली आहे. एली तिला सोडवते आणि मग तिला झुंजायला भाग पाडण्यासाठी तिच्यासोबतच्या लेव्ह या मुलाच्या गळ्याला सुरी लावते. पाण्यात झटापट होते, ॲबी एलीची दोन बोटे तोडते, एली तिचे डोके पाण्याखाली दाबून धरते आणि जोएलची आठवण डोळ्यांपुढे येताच सोडून देते. मूळ आराखड्यात एली ॲबीला मारते, असे होते. काम निम्म्यावर आल्यानंतर हा शेवट बदलला, असे ड्रकमन यांनी सांगितले आहे.

खेळाडूंचा आक्षेप असा: वाटेत शेकडो माणसे मारून झाल्यावर जिच्यासाठी हे सगळे केले तिलाच सोडायचे, याला अर्थ काय? ॲबीला क्षमा केली तर तिच्या साथीदारांना, म्हणजे नोराला, ओवेनला, गर्भवती मेलला का केली नाही? हा प्रश्न टाळता येणार नाही. मात्र तो एली क्षमा करते असे गृहीत धरतो. ॲबीने क्षमा मागितलेली नाही, पश्चात्तापाचा शब्द काढलेला नाही, आणि एलीनेही काही दिलेले नाही. दोघींमध्ये समेट होत नाही. एली फक्त थांबते. मार्था नुसबॉम यांनी ‘अँगर अँड फर्गिव्हनेस’ या २०१६ मधील ग्रंथात म्हटले आहे की, परतफेडीच्या इच्छेत एक भ्रम दडलेला असतो: अपराध्याच्या यातनेने गेलेले परत येईल, असा. तो भ्रम फुटला की राग निराधार होतो आणि त्यासाठी क्षमेची गरजही उरत नाही. पाण्यातला तो क्षण या वर्णनाशी जुळतो. तो उशिरा येतो, शेकडो जीव गेल्यावर येतो, ही त्याची शोकांतिका आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही.

शिवाय एलीला क्षमा करायची असती तरी कशाची करता आली असती, हा प्रश्न उरतोच. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पीटर किती वेळा क्षमा करावी असे विचारतो, तेव्हा येशूचे उत्तर मोजदादीची कल्पनाच मोडून काढते. ज्यू परंपरा मात्र इथे कडक आहे. बाराव्या शतकातले मायमोनिडीझ सांगतात की, माणसाने माणसाचा केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानेही फिटत नाही. ज्याचा अपराध केला त्यालाच जाऊन मनवावे लागते, आणि तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी कबुली द्यावी लागते. सायमन विझेन्थाल यांनी ‘द सनफ्लॉवर’मध्ये नाझी छळछावणीच्या काळातला अनुभव सांगितला आहे. एक मरणासन्न एसएस सैनिक आपल्या हातून जाळल्या गेलेल्या ज्यू लोकांबद्दल त्यांच्याकडे, म्हणजे तिऱ्हाईत ज्यू कैद्याकडे, क्षमा मागतो आणि विझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर पडतात. मेलेल्यांच्या वतीने क्षमा कोणाला करता येते? या कसोटीवर जोएलच्या मृत्यूची क्षमा जोएलखेरीज कोणीच करू शकत नाही. ॲबीने एलीवर केलेला घाव एवढाच एलीच्या अखत्यारीत येतो. जेरीच्या मृत्यूबाबत ॲबीचीही तीच स्थिती आहे. भागवतातली द्रौपदी म्हणूनच अश्वत्थाम्याचा अपराध पुसत नाही, आणखी एका आईच्या वाट्याला हे दुःख येऊ नये एवढेच मागते.

एलीच्या हाती खरी क्षमा एकाच ठिकाणी होती. जोएलने तिच्याकडून तिचा निर्णय हिरावला आणि खोटे सांगितले. या अपराधात बळी ती स्वतः होती आणि अपराधी जिवंत होता. मरणाच्या आदल्या रात्री घराच्या ओसरीवर दोघे बोलतात. पुन्हा संधी मिळाली तरी आपण तेच करू, असे जोएल सांगतो. हे आपल्याला कधी माफ करता येईल असे वाटत नाही, पण प्रयत्न करावासा वाटतो, अशा अर्थाचे एली बोलते. अपराध्याने पश्चात्ताप नाकारलेला आहे आणि तरीही क्षमेचा इरादा जाहीर झालेला आहे. जाक देरिदा यांनी क्षमेविषयी जो विरोधाभास मांडला, की जे क्षम्य आहे त्याला क्षमेची गरजच नसते आणि खरी क्षमा अक्षम्याचीच असते, त्याचे याहून साधे रूप सापडणे कठीण. ॲबीने दुसऱ्या दिवशी जोएलचा जीव घेतला आणि त्याबरोबर हा प्रयत्नही संपवला. एलीच्या रागातला मोठा वाटा या अपुऱ्या राहिलेल्या क्षमेचा होता, हे गेम शेवटच्या काही मिनिटांत उघड करतो. अनेक खेळाडूंनी पहिल्या रागाच्या भरात त्याकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्यांदा खेळलेल्या काहींचे मत याच प्रसंगाने बदलले.

एक आक्षेप मात्र पुरता सुटत नाही. वाटेत मेलेल्या निनावी माणसांचे काय? त्यांची नावे हाकांमधून ऐकू आली, पण त्यांच्या मुलींची कथा कोणी सांगितली नाही. जेरीला नाव देऊन जी नैतिक उंची गाठली, तिचाच निकष लावला तर सिॲटलमधला प्रत्येक पहारेकरी कोणाचा तरी जेरी ठरतो. लढाई हाच ज्याचा आधार आहे अशा गेमला ही मर्यादा ओलांडता आलेली नाही.

गेमचा धर्मविषयक भाग कमी चर्चिला गेला. सिॲटलमध्ये ॲबी ज्यात आहे ती डब्ल्यूएलएफ ही सशस्त्र संघटना आणि सेराफाइट हा धर्मपंथ यांच्यात युद्ध चालू आहे. सेराफाइट लोक एका दिवंगत स्त्रीला प्रेषित मानतात, जुन्या जगाची यंत्रे वर्ज्य समजतात, चेहऱ्यावर व्रण करून घेतात आणि पाखंड्यांची हत्या करतात. लेव्ह याच पंथात मुलगी म्हणून वाढवला गेला. डोके भादरून आपण मुलगा असल्याचे त्याने जाहीर केले आणि त्याच्यावर मृत्यूची सावली आली. लेव्ह पंथ सोडतो, श्रद्धा सोडत नाही. प्रेषितेच्या शिकवणुकीचा विपर्यास झाला, असे त्याला वाटते. नाट्यगृहात ॲबीचा हात अडवणारा आणि एलीची गर्भवती जोडीदार डिना हिचा जीव वाचवणारा तोच असतो. धर्माला आंधळेपणा म्हणून उडवून लावणे या प्रकारच्या कथांना सोपे जाते. इथे ते केलेले नाही, हे नोंदवायला हवे.

या युद्धावर राजकीय टीकाही झाली. ड्रकमन यांचा जन्म इस्रायलमधला आणि बालपणीचा काही काळ वेस्ट बँकमधला. २००० साली रामल्ला इथे दोन इस्रायली सैनिकांना जमावाने मारले, त्याची चित्रफीत पाहून आपल्या मनात उसळलेला द्वेष आणि नंतर वाटलेली शरम हे या कथेचे एक बीज होते, असे त्यांनी सांगितले आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की, दोन्ही बाजूंच्या हिंसेला एकाच चक्राचे नाव दिले की कोणाच्या हातात किती सत्ता आहे आणि कोणाची भूमी गेली, हे प्रश्न झाकले जातात. टीका रास्त आहे. सूडाचे चक्र हा दोन व्यक्तींमधल्या हिंसेचा उलगडा होऊ शकतो. दोन समाजांमधल्या संघर्षाला तो अपुरा पडतो.

ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जुलै २०२० मध्ये जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यांच्या लहान मुलाचाही त्यांत उल्लेख होता. काल्पनिक पात्राच्या कृत्याची शिक्षा अभिनेत्रीला देऊ पाहणाऱ्यांचे कृत्य कोणत्याही आक्षेपाच्या आड लपवता येणार नाही. स्टुडिओने जाहीर निषेध केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये या गेमला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमसह सात पुरस्कार मिळाले आणि बेली यांचा अभिनयही त्यांत गौरवला गेला.

पुढच्या वर्षांत ही कथा आणखी दोन रूपांत आली. एचबीओच्या मालिकेचा दुसरा हंगाम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात ॲबीचे दुःख प्रेक्षकाला पहिल्याच भागात कळते आणि जोएलला मारण्यापूर्वी ती त्याला त्याचे कारण सांगते. गेममध्ये मात्र खेळाडू अर्धी वाट तिचा द्वेष करत चालतो आणि मग कारण कळते. मालिकेचा प्रेक्षक ॲबीला समजून घेतो, पण त्याला आधीच्या द्वेषाचा हिशेब द्यावा लागत नाही, कारण कोणतेही बटण त्याने दाबलेले नसते. जुलै २०२५ मध्ये स्टुडिओने गेममध्येच घटना काळाच्या क्रमाने खेळण्याची सोय दिली. त्या क्रमात ॲबी आणि जेरी यांचे प्रसंग जोएलच्या मृत्यूच्या आधी येतात, ओसरीवरचे बोलणेही मृत्यूच्या आधी येते, आणि सिॲटलचे तीन दिवस एलीकडून ॲबीकडे आळीपाळीने सरकत राहतात. घटना त्याच, अपराध तेच, बळीही तेच आहेत. तरीही या क्रमाने खेळणाऱ्याला गोल्फची काठी उचलणाऱ्या ॲबीचे कारण आधीच ठाऊक असते, आणि पाण्यात थांबलेल्या एलीच्या मनात काय होते, हेही त्याला शेवटच्या प्रसंगापर्यंत पोचण्याआधीच माहीत असते.